नवीन क्लच बसवला तरी गिअर पडत नाही: गिअरबॉक्स परत उतरवायच्या आधी हे बघून घ्या

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी सांगतो. गाडी वीस वर्षांच्या आसपासची, क्लच हायड्रॉलिक, म्हणजे पॅडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत जाणारा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट नवीन टाकलाय. चार दिवस झाले, आणि आता इंजिन चालू असताना पहिला गिअर जोर लावून टाकावा लागतो, रिव्हर्सला कर्रकन आवाज येतो, क्लच पार खाली फ्लोअरजवळ लागतो, शिवाय गाडी जागेवरून निघताना थरथरते. मेकॅनिक म्हणतो चालवा, सेट होईल. तुम्ही विचारताय की वाट बघायची का गिअरबॉक्स परत खाली घ्यायला लावायचा.

दोन्ही नको, निदान आज तरी नको. थरथर सेट होऊ शकते, त्यात मेकॅनिक खोटं बोलत नाहीये. पण गिअर न पडणं हे सेट होणारं दुखणं नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पॅडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीयेत, एवढाच त्याचा अर्थ, आणि असंच चालवत राहिलात तर सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवून देणाऱ्या) खराब होतील आणि क्लचच्या कामात गिअरबॉक्सचं काम वाढवून बसाल. गिअरबॉक्स उतरवायची घाई पण करू नका कारण माझ्या आजवरच्या अनुभवात नवीन सेटनंतर क्लच न सुटण्याची कारणं बहुतेक वेळा पॅडल ते फोर्क (रिलीज बेअरिंगला ढकलणारी पट्टी) या रस्त्यात सापडली: पॅडलजवळचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर त्या तेलाने फोर्क हलवतो, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच. तिथं हात सहज पोचतो, तरी लोक आधी सगळं खाली उतरवतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

आधी हिशोब समजून घ्या म्हणजे मी मिलिमीटरवर एवढा का अडून बसतो ते कळेल. पॅडल तुमच्या पायाखाली साधारण १२ ते १५ सेंटीमीटर जातं. तेवढ्यात फोर्कचं बाहेरचं टोक हलतं फक्त १२-१५ मिलिमीटर (गाडीगणिक कमीजास्त, सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच खरा). त्यातून बेअरिंग सरकतं त्याच्या निम्मं वगैरे, आणि शेवटी प्रेशर प्लेट मागे येते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. एवढ्याशा फटीत क्लच प्लेट दोन्ही बाजूंनी मोकळी व्हायची असते. म्हणजे फोर्कवर तीन-चार मिलिमीटर जरी कमी पडले तरी प्लेट थोडी घासत राहणार आणि गिअर कुरकुर करणार. थोडी हवा, एक झिजलेला बुश, एक जाड मॅट, कशानेही ते तीन मिलिमीटर जातात. मॅटचं हसू नका, पॅडलखाली दुमडलेली जाड मॅट बाजूला केली आणि गिअर पडायला लागला असं माझ्यासमोर दोनदा झालंय, आणि त्यातल्या एका माणसाने तोपर्यंत मास्टर सिलिंडर बदलून घेतला होता.

आता पहिली टेस्ट. इंजिन बंद करा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. बंद गाडीत सगळे गुपचूप पडतायत आणि चालू गाडीतच अडतायत, तर गिअर लिव्हर, लिंकेज, केबल यांना दोष देऊ नका, क्लचच सुटत नाहीये. बंद गाडीत पण अडत असतील तर मग गिअरबॉक्स लावताना लिंकेज नीट जोडलेलं नाही किंवा सेटिंग हललंय, तो वेगळा विषय. दुसरी टेस्ट: इंजिन आयडलला, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबा, मनात चार-पाच आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. एवढं थांबल्यावर इनपुट शाफ्ट (क्लच प्लेट ज्यावर बसते तो गिअरबॉक्सचा दांडा) फिरायचा थांबायला हवा. तरी कर्र आलं म्हणजे प्लेट अजून इंजिनबरोबर ओढली जातेय. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बऱ्याचदा सिंक्रो नसतो म्हणून तो लगेच बोलतो, पहिला गिअर मात्र सिंक्रोच्या जीवावर लपवून ठेवतो.

तिसरी टेस्ट मला सगळ्यात आवडते कारण त्यात आकडा मिळतो. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, बाकीच्या चाकांना पुढून मागून ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे), आणि ज्या चाकांना इंजिनचा ड्राइव्ह जातो त्यातलं एक चाक जॅकने उचलून खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर हँडब्रेक सोडावा लागेल, तेव्हा ओट दुप्पट नीट बघा. गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवा. आता ते चाक हाताने फिरणार नाही. आत कुणाला तरी बसवा आणि क्लच हळूहळू दाबायला सांगा, तुम्ही चाक फिरवत राहा. ज्या क्षणी चाक मोकळं फिरलं तिथं पॅडल थांबवा आणि फ्लोअरपासून पॅडलचं अंतर मोजा. चाक मोकळं झाल्यावर खाली अजून तीन-चार सेंटीमीटर जागा शिल्लक असेल तर क्लच ठीक सुटतोय. अगदी तळाला जाऊन मोकळं होतंय, किंवा होतच नाही, तर आता कारण शोधायचं. पुढे काहीही बदललंत की हीच टेस्ट परत करा, आकडा सुधारला का बघा, अंदाजाने बोलायची गरज उरत नाही.

आता पॅडल पंप करून बघा. इंजिन चालू, क्लच चार-पाच वेळा पटापट दाबून सोडा आणि शेवटच्याला दाबून धरून गिअर टाका. पंप केल्यावर गिअर सहज पडतोय आणि क्लच जरा वर लागतोय, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडर थकलाय. पंप करून काडीचाही फरक नाही, तर हायड्रॉलिक बहुतेक ठीक आणि दोष मेकॅनिकल बाजूला. अजून एक, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून एक मिनिट तसाच धरून ठेवा, पुढे मोकळी जागा ठेवून आणि दुसरा पाय ब्रेकजवळ. गाडी हळूच पुढे सरकायला बघत असेल तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील प्रेशर धरत नाही, तेल आतल्या आत मागे जातंय, बाहेर एक थेंब दिसणार नाही. सिग्नलला उभं असताना गाडी पुढे ओढते म्हणणाऱ्यांचं निम्म्या वेळा हेच असतं.

तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय स्लेव्ह सिलिंडरवर आहे, आणि तो का ते जरा सविस्तर सांगतो कारण हे मेकॅनिक लोकही कस्टमरला नीट समजावत नाहीत. जुनी प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं (बेअरिंग ज्यांना दाबतं ती स्प्रिंगची टोकं) गिअरबॉक्सकडे सरकतात, बेअरिंग मागे ढकललं जातं, फोर्कचं बाहेरचं टोक स्लेव्हच्या पुशरॉडला (ढकलणाऱ्या दांडीला) आत ढकलतं, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये खोल जाऊन बसतो. कित्येक वर्षं त्याची ये-जा त्याच खोल भागात चाललेली असते. बाहेरच्या तोंडाकडे मात्र कुणी फिरकत नाही, तिथं गंज, चिखल, काळी पावडर साचते. आता नवीन जाड प्लेट आली, बोटं परत इंजिनकडे गेली, आणि पिस्टन बाहेरच्या त्या खडबडीत भागात येऊन काम करायला लागला. जुनं सील तिथं दोन-चार दिवसांत कापलं जातं. म्हणून कालपर्यंत चांगला असलेला स्लेव्ह नवीन क्लचनंतर लगेच गळायला लागतो, आणि सगळे म्हणतात नवीन क्लच खराब निघाला. स्लेव्हचं रबरी बूट बोटाने उचलून बघा, आत ओलं असेल तर उत्तर मिळालं. मी तरी इतक्या जुन्या गाडीला क्लच सेट टाकताना स्लेव्ह सोबत बदलूनच टाकतो, आणि स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत बेअरिंगला जोडलेला असेल तर न बदलता गिअरबॉक्स चढवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

स्लेव्ह कोरडा आहे, मग हवा. काम करताना स्लेव्ह नुसता बाजूला टांगून ठेवला असेल आणि त्यात कुणी पॅडल दाबलं तर पिस्टन बाहेर आला, आत हवा शिरली. नेहमीसारखं दाब-धर-सोड करून हवा निघत नाही असं बऱ्याच गाड्यांत होतं, कारण पाइप मास्टरपासून आधी खाली मग वर असा वळसा घेतो आणि बुडबुडा वरच्या वळणात अडकून बसतो. अशा वेळी मी उलट करतो. स्लेव्ह गाडीवरून सोडून निपल (हवा काढायची बारीक तोटी) वरच्या बाजूला येईल असा धरायचा, पिस्टन पूर्ण आत दाबून ठेवायचा म्हणजे आत हवेला जागाच कमी राहते, मग ब्लीड करायचं, म्हणजे हवा काढायची. नाहीतर सिरिंजने खालून निपलमधून तेल हळूहळू वर भरायचं, हवा तिच्या स्वभावाने वर जाते, मास्टरच्या तेलाच्या डब्यातून बाहेर पडते, फक्त वरचा डबा भरून वाहू देऊ नका. आणि हो, स्लेव्ह बसवताना निपल खाली आणि पाइप वर असा उलटा तर बसला नाही ना हे बघा, मग दिवसभर ब्लीड करा, हवा निघायची नाही. तेल कुठलं ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ असतं, पण काही गाड्यांना मिनरल ऑइल लागतं आणि त्यात ब्रेक ऑइल टाकलं तर सगळी रबरं फुगतात, म्हणून वाचून टाका. पेंटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हवा पण नाही, गळती पण नाही, तर आता कुणाला तरी पॅडल दाबायला लावून फोर्कजवळ पट्टी धरा आणि किती हलतंय मोजा. तरी फोर्क कमी हलतोय, तर वरती पॅडल आणि मास्टरकडे बघा. पॅडलच्या पिनेचा बुश झिजून भोक लंबगोल झालेलं असतं, पॅडल दोन सेंटीमीटर नुसतं लुळं जातं. मास्टरची पुशरॉड चुकीच्या लांबीला असते. आणि एक अगदी छुपं कारण, ज्या पत्र्यावर मास्टर सिलिंडर बसलेला असतो तो पत्रा तडकलेला असतो, पॅडल दाबलं की अख्खा पत्रा पुढे वाकतो. हे मला माझ्याच चुकीतून कळलं. एका गाडीचा गिअरबॉक्स मी दोनदा उतरवला, प्लेट बदलली, प्रेशर प्लेट बदलली, आणि तिसऱ्या दिवशी पोऱ्याला पॅडल दाबायला लावून बॉनेटखाली सहज वाकलो तर मास्टर सिलिंडर सगळा अंगाने पुढे येताना दिसला. वेल्डिंगचं अर्ध्या तासाचं काम होतं. तेव्हापासून बॉनेट उघडून एक माणूस बघत उभा असल्याशिवाय मी क्लचबद्दल बोलतच नाही. जुना रबरी होज पण याच वेळी बघून घ्या, दाबलं की फुगतो का.

केबलवाल्या गाडीचे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लेट झिजली की केबल घट्ट होत जाते, म्हणून जुन्या क्लचला ती सैल करत करत आणलेली असते. नवीन प्लेटला तीच सेटिंग ठेवली तर क्लच खाली लागणारच. पॅडलला १५ ते २५ मिलिमीटर मोकळा खेळ ठेवून सेट करा आणि हजारएक किलोमीटरने परत बघा. आणि गिअरबॉक्स चढवल्यावर त्याची अर्थिंगची पट्टी परत जोडली का नक्की तपासा. ती राहिली तर स्टार्टरचा सगळा करंट क्लच केबलमधून परत जायला बघतो, केबल तापते, आतलं अस्तर वितळतं आणि पॅडल दगडासारखं होतं.

आता बाहेरचं सगळं बघून झालं, फोर्क पूर्ण हलतोय, तरी चाक मोकळं होत नाही, तेव्हाच गिअरबॉक्स खाली. आत काय सापडेल? प्लेट उलटी. हसू येतं पण होतं. प्लेटवर बहुतेक वेळा फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक) साइड किंवा गिअरबॉक्स साइड असं लिहिलेलं किंवा ठोकलेलं असतं, स्प्रिंगांचा फुगीर भाग बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसली की हब (प्लेटचा मधला भाग) फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो आणि क्लच सुटायचं नाव घेत नाही. दुसरं म्हणजे वाकलेली प्लेट, गिअरबॉक्स चढवताना दोघांचे हात दमले, इनपुट शाफ्ट प्लेटच्या हबमध्ये गेलेला आणि गिअरबॉक्सचं वजन क्षणभर त्यावर लटकलं, झालं, प्लेट वाकली, डोळ्याला दिसत नाही पण फिरताना डगमगते. मेकॅनिकला न चिडता विचारा की चढवताना असं काही झालं का, चांगला असेल तर खरं सांगेल. तिसरं, शाफ्टच्या स्प्लाइनवर (उभ्या दात्यांवर) गंज, प्लेट पुढेमागे सरकतच नाही. नवीन प्लेट आधी हाताने शाफ्टवर सरकवून बघायची असते, सहज गेली पाहिजे, आणि ग्रीस अगदी बोटाच्या टोकाला लागेल इतकंच, जास्त लावलं की फिरताना उडून लायनिंगवर, म्हणजे प्लेटच्या पकडणाऱ्या थरावर, जातं. चौथं, फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते) जाम, ज्या गाड्यांत ते असतं त्यांत. मग क्लच सुटला तरी शाफ्ट त्या बेअरिंगमुळे फिरत राहतो. फोर्क त्याच्या गोळ्यावरून निसटलेला किंवा वाकलेला, आणि चुकीचा सेट, एकाच मॉडेलला दोन साइजच्या प्लेटा येतात तेव्हा हे फार होतं. जुनी प्लेट फेकून दिली नसेल तर शेजारी ठेवून व्यास, जाडी आणि दाते मोजा.

थरथरीचं वेगळं गणित. नवीन प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो ब्रेक क्लीनरने न पुसता बसवली, किंवा ग्रीसचे हात लायनिंगला लागले, तर थरथर येते. फ्लायव्हील फेस न करता, म्हणजे घासून सपाट न करता, जुन्यावरच नवीन प्लेट बसवली, वर निळे डाग होते, तरी येते. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग मऊ पडलेलं असेल तर जुना निसटता क्लच ते लपवत होता आणि नवीन कडक पकडणारा क्लच ते उघड करतो, तेव्हा माउंटिंग आधी बघा, ते स्वस्तात सुटणारं आहे. पहिले ५००-८०० किलोमीटर शांतपणे, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून न ठेवता चालवा आणि बघा कमी होतेय का. दिवसागणिक कमी होत असेल तर सोडून द्या. वाढत असेल आणि गिअरबॉक्सच्या खाली तेलाचा थेंब दिसत असेल तर क्रँकचं मागचं सील किंवा इनपुट शाफ्टचं सील गळतंय, नवीन लायनिंग तेल पितंय, मग थांबण्यात अर्थ नाही.

क्लच घसरतोय, म्हणजे रेस वाढते आणि गाडी वाढत नाही, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण हवा काढून झाल्यावर कधीकधी हे सुरू होतं म्हणून सांगून ठेवतो. पॅडल वर लागावं म्हणून कुणी मास्टरची पुशरॉड लांब करून ठेवली तर पॅडल सोडल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत जायचं बारीक भोक बंद राहतं, इंजिन तापलं की तेल फुगतं आणि क्लच आपोआप थोडा दाबलेला राहतो. सकाळी ठीक, तासाभराने घसरतोय, ही त्याची खूण. घसरायला लागल्यावर गाडी बाजूला घेऊन स्लेव्हचा निपल क्षणभर उघडा, पिचकारी उडाली आणि घसरणं थांबलं तर पुशरॉड परत मागे घ्या, पॅडलला थोडा मोकळा खेळ हवाच. हे आजचं उद्यावर टाकू नका, नवीन प्लेट एका दुपारीत जळते.

आवाजाचं एक लक्षात ठेवा. क्लच दाबल्यावरच घरघर येते तर रिलीज बेअरिंग, क्लच सोडल्यावर न्यूट्रलला येते आणि दाबल्यावर जाते तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. गिअरमध्ये, उभ्या गाडीत, क्लच पूर्ण दाबलेला असताना किंचाळतं तर पायलट. रिलीज बेअरिंग कुणी पेट्रोलने धुतलं असेल तर त्याचं आतलं ग्रीस गेलं, ते आता टिकणार नाही.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच तर तुम्ही तिथं हजर राहा, आणि प्लेट बाहेर काढायच्या आधी, ती फ्लायव्हीलवर बसलेली असतानाच, तिच्या वरच्या बाजूचा फोटो काढून ठेवा, नंतर कुठली बाजू कुठे होती यावर वाद नको. प्रेशर प्लेटचे बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे सोडायला सांगा, घट्ट करताना पण तसंच, एका बाजूने कसले तर कव्हर वाकतं. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या मधल्या डॉवेल पिना जागेवर आहेत का मोजून घ्या, त्या हरवल्या की गिअरबॉक्स किंचित तिरका बसतो आणि नवीन प्लेटचा हब काही महिन्यांत तुटतो. आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायची. आणि तुम्ही अजून जॅक लावला नसेल तर आधी स्लेव्हचं बूट उचलून बघा, त्याला पाच मिनिटं लागतात.